चेंबूरचं काउन्सेलिंग सेंटर: जातीचा त्रास मोकळेपणाने सांगता येतो

तिथल्या काउन्सेलर मॅडमना विचारल्याशिवाय सेंटरचं नाव टाकत नाही, ज्यांना हवंय त्यांनी मेसेज करा.

ऑफिसात आडनाव विचारतात, त्यावरून कळलं नाही की गाव विचारतात, मग हसत हसत "कोट्यातून ना?" आणि दुसऱ्या दिवसापासून डबा खायला सगळे वेगळ्या टेबलावर. हे आधीच्या काउन्सेलरला सांगितलं तर म्हणे तुम्ही फार मनाला लावून घेता, दीर्घ श्वास घ्या. अहो पण त्रास देणारा माणूस रोज समोरच्या खुर्चीत बसतोय त्याचं काय?

इथे पहिल्याच सेशनला मॅडमनी विचारलं, "हे झालं तेव्हा तिथे कोण कोण होतं? त्यातलं कोणी काही बोललं का?" बस. गैरसमज तर नाही ना वगैरे उलटतपासणी नाही. मी नुसती रडत होते, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि थांबल्या. नंतरच्या सेशनला तारखा, मेल, कोण हजर होतं ते सगळं वहीत लिहून काढलं, उद्या तक्रार करायची झाली तर लागतंच, पण करायची की नाही ते पूर्ण माझ्यावर सोडलं. आणि सगळं मराठीत, आईशी बोलावं तसं.

फ्रान्झ फॅनन त्यांच्याकडूनच कळला. कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ, १९५३ला अल्जीरियातल्या ब्लिदाच्या हॉस्पिटलात लागला, पेशंट बघताना त्याला दिसत गेलं की फ्रेंच राजवटच माणसांना आजारी पाडतेय, १९५६ला राजीनामा दिला. हे ऐकून केवढा धीर आला मला! २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातही उपचार देताना जात, धर्म, राजकीय मतं यावरून भेदभाव करायचा नाही असं स्पष्ट आहे, पण ते पाळणारे किती भेटतात? २०१९ला मुंबईतल्या नायर हॉस्पिटलच्या डॉ. पायल तडवींनी हॉस्टेलवर जीव दिला, जातीवरून छळाची केस झाली, तेव्हापासून वाटतं प्रत्येक हॉस्टेलजवळ अशी एक खोली पाहिजेच.

फी पगार बघून घेतात, कॉलेजच्या मुलांना तर अगदी कमी. दुसरा मजला आहे, लिफ्ट नाही, संध्याकाळचे स्लॉट पटकन जातात. खटकलं ते एकच, पार्टिशन पातळ आहे, बाहेर बसलेल्याला आतलं थोडंफार ऐकू येतं आणि अशा ठिकाणी हे चालणार नाही. मी हे मॅडमना सांगितलंय; दुरुस्त होईपर्यंत तुम्ही शेवटचा स्लॉट मागून घ्या, तेव्हा बाहेर कोणी नसतं.