फ्रंट लोड मशीन कपडे पिळेना: स्वतः बघायचं, कंपनीला बोलवायचं की ओळखीच्या मेकॅनिकला?

धुणं संपल्याची शिटी वाजते, दार उघडतो, तर कपडे बादलीतून नुकते काढल्यासारखे निथळत असतात. पहिला हात फोनकडे जातो. त्याआधी दोन गोष्टी बघा: ड्रममध्ये पाणी उरलंय का, आणि ड्रम फिरायची धडपड करतोय का. कोणाला बोलवायचं ते बहुतेक वेळा यावरूनच ठरतं.

पाणी उरलं असेल तर आधी स्वतःच बघा. पाणी बाहेर गेल्याशिवाय फ्रंट लोड मशीन स्पिन घेतच नाही. एलजीच्या मशीनवर अशा वेळी ‘ओई’ दिसतं, बॉशच्या बऱ्याच मॉडेलांवर ‘ई १८’. दोन्हींचा अर्थ एकच, पाणी उपसलं जात नाहीये. खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं, त्याच्या आत ड्रेन फिल्टर. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे हेच झालं. प्लग काढला, पसरट ताट सरकवलं, फिल्टर जरासा सैल केला, ताट भरलं की पुन्हा घट्ट. असं सात-आठ वेळा. शेवटी फिल्टर हातात आला तेव्हा त्याला केसांचा काळा, चिकट गुंता होता, आणि त्यात अडकलेलं एक रुपयाचं नाणं. आतला पंपाचा छोटा पंखाही बोटाने फिरवून बघा. तो अडखळत, टकटक करत फिरतो. ते चुंबकामुळे, बिघाड नव्हे. अजिबातच हलत नसेल तर काहीतरी अडकलंय. गरम पाण्याचं धुणं लावलं असेल तर मात्र पाणी निवेपर्यंत थांबा.

पाणी गेलंय, ड्रम हळू फिरतो, थांबतो, उलटा फिरतो, पण वेग घेत नाही? मग बहुधा भाराचा तोल बिघडलाय. मिनिटाला १२०० फेऱ्यांवर ड्रमच्या कडेच्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे ४०० पट जोर येतो. एका बाजूला गोळा झालेली भिजलेली चादर त्या वेगात मशीन जागेवरून सरकवेल, म्हणून मशीन आपणहून माघार घेतं. एकटी गोधडी किंवा एकटं बाथमॅट टाकलं की हे हमखास होतं. सोबत दोन-चार टॉवेल टाका, कपडे सुटे करा, नुसतं स्पिन लावा. साबण जास्त पडून फेस झाला तरी स्पिन अडतं. आणि स्पिनचा आकडा चुकून शून्यावर तर नाही ना, तेही बघून घ्या.

इथवर एक पैसाही लागत नाही. खरी निवड यापुढे आहे.

मशीन वॉरंटीत असेल तर कंपनीच. स्क्रू दुसऱ्या कोणी उघडला तर पुढे वाद होतो. नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका, तिथे बनावट हेल्पलाइन असतात. मशीनवरच्या स्टिकरवरचा किंवा पुस्तिकेतला घ्या. ‘मोटरवर १० वर्षं’ असं छापलेलं असलं तरी ती वॉरंटी बहुतेकदा मोटरपुरतीच असते; व्हिजिट चार्ज आणि मजुरी वेगळी पडते. हे फोनवरच विचारून घ्या.

वॉरंटी संपली असेल तर माझा कल मेकॅनिककडे, पण बिघाड बघून. जुन्या पट्ट्याच्या मोटरीत कार्बन ब्रश झिजतात. आज स्पिन झालं, उद्या नाही, कधी जळका वास, अशी त्याची लक्षणं. ब्रशची जोडी स्वस्त असते, आणि जाणकार माणूस ती घरीच बदलून देतो. प्लग काढून ड्रम हाताने फिरवल्यावर तो अगदी हलका, मोकळा सुटत असेल तर पट्टा निसटलाय. तेही मेकॅनिकचंच काम. याउलट इन्व्हर्टर मोटरीत ब्रश नसतात. मेकॅनिक न उघडताच ‘ब्रश गेले’ म्हणाला तर त्याला मोटर कोणती आहे ते विचारा. ‘मोटरचा कॅपॅसिटर गेला’ हेही सेमी ऑटोमॅटिकचं निदान आहे. फ्रंट लोडच्या मोटरीला सहसा वेगळा कॅपॅसिटर नसतोच.

मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला असेल तर फरक मोठा पडतो. कंपनी अख्खा बोर्ड बदलते, महाग पडतो, पण नवा येतो. चांगला कारागीर त्यातला जळलेला रिले, म्हणजे विजेचा छोटा स्विच, तेवढा बदलून देतो. असे सुटे भाग पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. बोर्ड घरून नेणार असेल तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा आणि बदललेला भाग परत मागा. मागताना संकोच करू नका, तो तुमचाच आहे.

स्पिनला विमान उडतंय असा आवाज येत असेल आणि ड्रमची कड वर-खाली हलवल्यावर खेळ लागत असेल, तर बेअरिंग गेलंय. इथे घाईने हो म्हणू नका. काही मॉडेलांचा बाहेरचा टब कारखान्यातच वेल्ड केलेला असतो. मग बेअरिंगसाठी सगळा टब बदलावा लागतो. दोन्हीकडून मजुरीसकट आकडा घ्या, आणि ड्रममागचा तीन हातांचा आधार गंजलाय का तेही बघायला सांगा. मशीन सात-आठ वर्षांचं, आधारही खराब आणि आकडा नव्याच्या निम्म्यावर गेला, तर मी नवं घेईन. आधार धड असेल आणि टब उघडता येत असेल, तर बेअरिंग आणि सील एकाच वेळी बदलून घेईन. जुनं सील तसंच ठेवलं तर पाणी झिरपून नवं बेअरिंगही गंजतं.