सुट्टीच्या बेटावरचा खून : ‘इव्हिल अंडर द सन’

गोव्यात पाळोळेच्या किनाऱ्यावर आमच्या घरामागे पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. मे संपत आला की किनाऱ्यावरच्या झोपड्या उतरवतात, पाहुणे पांगतात आणि खोल्या आवरताना त्यांची विसरलेली पुस्तकं हाती लागतात. यंदा अगाथा ख्रिस्तीची १९४१ सालची ही कादंबरी मिळाली. पावसात दोन रात्री जागून वाचली.

इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्याजवळ एक लहानसं बेट आहे आणि त्यावर एक हॉटेल. किनाऱ्यावरून बेटावर जायची काँक्रीटची वाट भरतीला पाण्याखाली जाते. ख्रिस्तीचा नेहमीचा गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो तिथं सुट्टीला आलेला असतो. सगळ्यांच्या नजरा जिच्यावर खिळलेल्या असतात ती आर्लेना, पूर्वीची नटी, एका सकाळी एकटीच होडी वल्हवत निघते आणि पलीकडच्या निर्जन खाडीत गळा दाबलेल्या अवस्थेत सापडते.

आमच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकालाही असंच बेट आहे. ओहोटीला चालत जाता येतं. दर सीझनला कुणीतरी वेळ न बघता जातं आणि पाणी चढलं की होडीवाल्याला हाका मारत बसतं. म्हणून या कादंबरीतली जागा मला लगेच पटली. सुट्टीच्या ठिकाणी घडणाऱ्या कितीतरी रहस्यकथांत समुद्र भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा असतो, काढला तरी कथेला फरक पडत नाही. इथं खाडीकडे कोण कुठून, किती मिनिटांत पोचू शकतं, शिडीने की होडीने, यावरच सगळा गुंता उभा आहे. सुरुवातीलाच पॉयरो उन्हात पडलेल्या माणसांकडे बघतो आणि त्याला ती सगळी एकसारखी, शवागारातल्या प्रेतांसारखी वाटतात. वाचताना मी ते म्हाताऱ्याची कुरकुर समजून पुढे गेले. तुम्ही तसं करू नका.

मला सगळ्यात आवडला तो आंघोळीचा धागा. दुपारी बाराच्या सुमारास कुणीतरी आंघोळ केलेली असते, पण एकही पाहुणा ‘मी केली’ म्हणत नाही. खोल्या चालवणाऱ्या माणसाला याचं महत्त्व सांगावं लागत नाही. आमच्याकडे टाकीची मोटर सुरू झाली की कोण उठलं, कोण पोहून आलं हे मला स्वयंपाकघरातून कळतं. आर्लेनाची सावत्र मुलगी लिंडा, सोळा वर्षांची, स्वतःचे हातपाय कुठं ठेवावेत हेही न सुचणारी. तिची भीती आणि तिचा राग इतका खरा उतरलाय की खुनी कोण याच्याहून मला तिचीच काळजी जास्त लागली होती.

पण मधला भाग रेंगाळतो. एकेकाला बोलावायचं, कुठं होतात विचारायचं, पुढचा. शंभरेक पानांनंतर मला कागदावर वेळा लिहून ठेवाव्या लागल्या. गुहेत सापडणाऱ्या अमली पदार्थांचं उपकथानक चिकटवल्यासारखं वाटतं. समुद्रकिनारा म्हटला की ड्रग्ज आलेच, ही समजूत आम्ही गोव्याचे लोक इतकी वर्षं सोसतोय, की इतक्या जुन्या पुस्तकात ते बघून मन खट्टू झालं. शेवटची उकल हुशार आहे, मात्र खुन्याची योजना इतकी काटेकोर की कुणी वाटेत पाच मिनिटं गप्पा मारत थांबलं असतं तर सगळंच कोसळलं असतं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ग्लॅडिस ही खोल्या झाडणारी मुलगी. कुणाचा टॉवेल ओला, कुणाच्या खोलीतून कसला आवाज आला, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिला जबाबापुरतं आणतात आणि सोडून देतात. हॉटेलच्या मालकीणबाईंना तर हॉटेलच्या प्रतिष्ठेची चिंता एवढंच काम दिलंय. किनाऱ्यावरच्या गावातलं माणूस जवळजवळ दिसतच नाही. खून झाल्यावर पाहुणे सामान बांधून जातील, पण ग्लॅडिसला पुढच्या आठवड्यात तीच खोली झाडायची आहे. त्या खोलीत ती पुन्हा पाऊल कसं टाकेल, याबद्दल मला आणखी दोन पानं हवी होती.

इंग्रजी सोपं आहे, मला शब्दकोश क्वचितच लागला. पहिल्या पन्नास पानांत दहा-बारा नावं अंगावर येतात, तेवढी सोसा. प्रत मी आता समुद्राकडच्या खोलीत ठेवलीय, भरतीच्या वेळापत्रकाशेजारी.