चीट डे कोणतं ॲप नीट सांभाळतं? मॅक्रोफॅक्टरचं परीक्षण

वजन कमी करताना आठवड्यातला एक दिवस ठरवून मोकळा, म्हणजे जास्त खाण्याचा ('चीट डे') ठेवायचा असेल, तर कॅलरी मोजणाऱ्या ॲपची खरी परीक्षा त्याच दिवशी होते. बाकीचे सहा दिवस सगळीच ॲप्स बरी चालतात. मोकळ्या दिवशी मात्र आकडा लाल होतो, आणि जे आधीपासून ठरलेलं होतं तेच चूक म्हणून समोर येतं. याचा परिणाम नुसता मनाला लागण्यापुरता राहत नाही. मर्यादा मोडली असं एकदा वाटलं की 'आता गेलंच आहे तर' म्हणून उरलेला दिवस सोडून दिला जातो, आणि ५०० कॅलरी जास्त खायचं ठरलेलं असताना १५०० जास्त जातात. म्हणून २०२१ मध्ये आलेल्या मॅक्रोफॅक्टरला इथे एकाच कसोटीवर तपासलं आहे: ठरवलेला मोकळा दिवस ते कसा सांभाळतं? आमचं मत असं, की माहितीतल्या मोठ्या ॲप्समध्ये ते हे काम सर्वांत नीट करतं. मात्र नोंदी चुकल्या तर त्याचेच आकडे दिशाभूलही करतात.

आधी हिशेब, कारण तो कोणतंही ॲप तुमच्यासाठी ठरवून देत नाही. समजा, वजन स्थिर ठेवायला रोज २२०० कॅलरी लागतात आणि उद्दिष्ट १७०० आहे. आठवड्याची तूट, म्हणजे गरजेपेक्षा कमी खाल्लेल्या कॅलरी, ३५०० झाली. एक किलो चरबीमागे ७७०० कॅलरी धरल्या, तर हे आठवड्याला साधारण ४५० ग्रॅम. आता एक दिवस २७०० खायचे आहेत. बाकीचे सहा दिवस १७०० वरच ठेवले, तर तूट २५०० वर येते आणि वेग सुमारे ३२५ ग्रॅम राहतो. आठवड्याचे एकूण ११,९०० तेच ठेवायचे असतील, तर त्या सहा दिवसांना १५३० वर यावं लागतं. हा दुसरा मार्ग कागदावर छान दिसतो, पण रोज १७० कॅलरींची आणखी काटछाट झाली की मोकळ्या दिवशी माणूस उपाशीपोटी पोचतो आणि ठरवलेले २७०० सहज ओलांडतो. सहा दिवसांतून प्रत्येकी ८०-१०० काढावेत आणि उरलेला फरक संथ वेगाच्या रूपाने मान्य करावा, हे आम्हाला जास्त टिकणारं वाटतं.

ज्यांची गरजच कमी आहे त्यांच्यासाठी हे गणित फार कडक होतं. स्थिर वजनाला १७०० आणि उद्दिष्ट १४०० असेल, तर सहा दिवसांची तूट फक्त १८००. त्यात २७०० चा एक दिवस घातला की १००० खर्ची पडतात आणि आठवड्याला जेमतेम १०० ग्रॅम उरतात. अशा व्यक्तीनं मोकळा दिवस २१०० च्या आसपास ठेवावा, किंवा दिवसाऐवजी एकच जेवण मोकळं ठेवावं. उंच, भारी शरीराच्या माणसाला झेपलेला बेत पाहून तोच उचलणं, ही इथली सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी चूक आहे.

आता ॲप. मॅक्रोफॅक्टरमध्ये कार्यक्रम तयार करताना कोच्ड, कोलॅबरेटिव्ह आणि मॅन्युअल असे तीन प्रकार मिळतात. मोकळ्या दिवसासाठी कोच्ड, म्हणजे ॲपच आकडे ठरवतं तो प्रकार, पुरतो. त्यात कॅलरी आठवडाभर सारख्या वाटायच्या की काही दिवसांकडे सरकवायच्या, हे विचारलं जातं. सरकवायचा पर्याय घेऊन दिवस निवडला, की त्या दिवसाचं उद्दिष्ट वाढतं आणि बाकीच्यांचं कमी होतं. मोकळ्या दिवसाला ॲपच्या लेखी अपवाद राहत नाही, तो बेताचाच भाग होतो, आणि याच कारणासाठी आम्ही या ॲपला वरचं स्थान देतो. कोलॅबरेटिव्हमध्ये प्रत्येक दिवसाचे आकडे हाताने बदलता येतात. वर सांगितलेला मधला मार्ग घ्यायचा असेल, तर हाच प्रकार निवडावा.

उद्दिष्ट ओलांडलं तरी ॲप रागावत नाही, लाल रंग दाखवत नाही, दुसऱ्या दिवशीचं उद्दिष्ट शिक्षा म्हणून घटवत नाही. काहींना हा ढिलेपणा वाटतो. आम्हाला ती त्याची सर्वांत मोलाची बाजू वाटते. आज ४०० जास्त गेले म्हणून उद्या ४०० कमी, या फेऱ्यात एकदा सापडलं की उपास आणि अतिखाणं यांची साखळी तयार होते.

साप्ताहिक चेक-इनचा, म्हणजे ॲप आठवड्याचा आढावा घेतं त्याचा, वार आपण निवडतो, आणि तो विचार करून निवडावा. मोकळा दिवस रविवार असेल, तर चेक-इन सोमवारी नको. शुक्रवार किंवा शनिवार बरा. कारण चेक-इनला नवं उद्दिष्ट मिळतं, आणि सोमवारचा वजनकाटा पाहून माणूस ते उद्दिष्ट रागाच्या भरात आणखी खाली ओढायला जातो.

त्या काट्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. मोकळ्या दिवसानंतर सकाळी एक ते दोन किलो वाढ दिसणं सामान्य आहे. शरीरात ग्लायकोजेनच्या (स्नायू आणि यकृतात साठवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. ३०० ग्रॅम ग्लायकोजेन भरून निघालं, की त्याचंच सव्वा किलोच्या आसपास वजन होतं. त्यावर मिठानं धरून ठेवलेलं पाणी आणि आतड्यात अजून असलेलं अन्न. एका दिवसात एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा ७७०० कॅलरी जास्त लागतील. ५०० जास्त खाल्ले, तर चरबीच्या हिशेबात ते फार तर ६५ ग्रॅम. बाकी सगळं दोन ते पाच दिवसांत उतरतं.

मॅक्रोफॅक्टर रोजच्या वजनाऐवजी कल दाखवणारी रेषा काढतं. त्यामुळे एका सकाळची उसळी रेषेत जेमतेम दिसते. इथे एक चूक बरेच जण करतात: वाढलेलं वजन नोंदवायचंच नाही, किंवा नोंदवून पुसायचं. तसं करू नये. उसळी आणि उतार दोन्ही असतील, तरच सरासरी खरी राहते. आठवड्यातून एकदाच वजन करणाऱ्यांनी तर मोकळ्या दिवसाच्या आदल्या सकाळचा किंवा त्याच सकाळचा वेळ धरावा आणि तो बदलू नये.

रोजचा ऊर्जाखर्च हे ॲप नोंदवलेलं खाणं आणि वजनाचा कल यांवरून काढतं. मोकळ्या दिवसानंतर हा आकडा थोडा हलतो. तो वर गेला म्हणून चयापचय 'पेटलं' असा अर्थ काढू नका. जास्त खाल्ल्यावर लेप्टिन हे भूक आवरणारं हार्मोन थोड्या काळासाठी वाढतं आणि पचनालाही काही ऊर्जा खर्च होते, हे खरं. पण त्या जास्तीच्या खाण्याची भरपाई होण्याइतका तो परिणाम नसतो. मोकळ्या दिवसाचा फायदा आहे तो बेत महिनोन् महिने टिकण्यात, आणि तेवढा फायदा पुरेसा आहे.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे नोंद. अर्धवट नोंदलेला दिवस हा या ॲपमध्ये काहीच न नोंदलेल्या दिवसापेक्षा वाईट. सकाळचे ६०० नोंदवले आणि संध्याकाळच्या जेवणानंतर फोन उघडलाच नाही, तर ॲप त्या दिवशी ६०० च खाल्ले असं धरतं आणि खर्चाचा अंदाज खाली ओढतं. मग उद्दिष्टही घटतं, आणि ॲपवर दोष येतो. दोनच मार्ग सरळ आहेत: दिवस पूर्ण रिकामा ठेवा, किंवा क्विक ॲडमध्ये (पदार्थ न निवडता थेट कॅलरी टाकायच्या सोयीत) एकच ठोकळ आकडा टाका. आम्ही दुसरा सुचवू. अंदाज करताना जिन्नस मोजण्यापेक्षा तेल-तूप आणि पेयं पकडा, कारण चूक तिथेच होते. तेलाचा एक मोठा चमचा, १४ ग्रॅम, म्हणजे १२० कॅलरी. तळलेल्या किंवा तेलकट रश्शाच्या एका ताटात असे दोन-तीन चमचे दिसतही नाहीत. मद्यातल्या शुद्ध अल्कोहोलच्या ग्रॅमला ७ कॅलरी असतात, आणि पेल्यात मिसळलेलं गोड पेय वेगळं. बाहेरच्या जेवणाचा अंदाज आला की त्यात २०-२५ टक्के वाढवून टाकावेत.

अंदाज दर आठवड्याला सारखाच चुकत असेल, तर काय होतं? प्रत्यक्षात ३००० खाऊन २५०० नोंदवले, तर रोजच्या सरासरीत सुमारे ७० कॅलरी कमी दिसतात. ॲप खर्चाचा अंदाजही तेवढाच कमी धरतं, त्यामुळे उद्दिष्ट व्यवहारात बरोबरच बसतं. हिशेब बिघडतो तो चूक बदलली की: एका आठवड्यात काटेकोर नोंद, दुसऱ्यात हातचं राखून.

उणिवा सांगायच्या तर, कायमची मोफत आवृत्ती नाही, फक्त चाचणीचे थोडे दिवस मिळतात. खर्चाचा अंदाज स्थिरावायला तीन-चार आठवडे जातात, म्हणून पहिला महिना मोकळा दिवस छोटाच ठेवावा, नाहीतर सुरुवातीचे आकडे कशामुळे हलताहेत ते कळत नाही. आणि ज्यांना रोज नोंद करणं जमणारच नाही, त्यांच्यासाठी हे ॲप नाही.

मायफिटनेसपल हे दुसरं कॅलरी ॲप वापरत असाल, तर बदलायलाच हवं असं नाही. त्याची अन्नपदार्थांची यादी प्रचंड आहे, मात्र बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनी भरलेल्या असल्यामुळे एकाच पदार्थाचे चार वेगळे आकडे सापडतात. वारानुसार वेगळं उद्दिष्ट सशुल्क आवृत्तीत आहे, आणि २०२२ पासून बारकोड स्कॅनही तिकडेच गेलं. मोफत आवृत्तीत रोजच्या आकड्याकडे दुर्लक्ष करून कॅलरींचं साप्ताहिक दृश्य पाहावं. दिवसाची नोंद पूर्ण केल्यावर 'रोज असंच खाल्लं, तर पाच आठवड्यांनी वजन अमुक' असं भाकीत येतं. मोकळ्या दिवशी ते बटण दाबूच नका. रोज तसं खाणार नसतानाच तो दिवस ठरवलेला असतो. व्यायामाच्या कॅलरी उद्दिष्टात परत जोडलेल्या दिसल्या, तरी त्या खाण्याच्या हिशेबात धरू नका. घड्याळाचे अंदाज बरेच चुकतात, आणि धावून 'कमावलेलं' जेवण दोनदा मोजलं जातं.

क्रोनोमीटर या तिसऱ्या ॲपची माहिती जास्त तपासलेली असते आणि जीवनसत्त्वं-खनिजं पाहायची तर तेच चांगलं. वेगवेगळ्या दिवसांचं वेळापत्रक तिथेही सशुल्क आवृत्तीत मिळतं.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं घेणाऱ्यांनी कमी-जास्त कॅलरींचे दिवस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ठरवू नयेत. ज्यांचं खाणं मोकळ्या दिवशी वारंवार हाताबाहेर जातं, पोट दुखेपर्यंत चालतं किंवा लपून होतं, त्यांनी यातलं कोणतंच ॲप घेऊ नये. तिथे आकडे मोजल्यानं त्रास वाढतो, आणि खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे आधी जायला हवं.

बाकी ज्यांची तूट रोज ४००-५०० च्या घरात आहे, काटा रोज पाहूनही मन स्थिर राहतं आणि नोंदीची सवय आहे, त्यांनी मॅक्रोफॅक्टरची चाचणी मोकळ्या दिवसाच्या दोन-तीन दिवस आधी सुरू करावी. म्हणजे तो दिवस आणि त्यानंतरची उसळी, दोन्ही पैसे भरण्याआधी पाहायला मिळतात.