हंगामाच्या सणाचा लिलाव : एका गिऱ्हाइकाचा अनुभव

बाजरीची सुगी आटोपली की नगर जिल्ह्यातील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, हंगामाचा सण होतो आणि उपकारस्तुतीच्या उपासनेनंतर अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव केला जातो. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. त्या परंपरेतल्या एका खेड्यातील मंडळीच्या लिलावाला यंदा मी केवळ गिऱ्हाईक म्हणून गेलो होतो. मंडळीचे नाव देत नाही, कारण पुढे एक तक्रारही आहे.

पहिले पीक टोपलीत घालून याजकाकडे न्यावे, असे बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात सांगितले आहे. येथे टोपलीच्या जोडीला पाटी, गोणी आणि स्टीलचा डबाही असतो. पाळकसाहेबांनी बोलावताच माणसे रांगेने पुढे गेली आणि पाहता पाहता प्रभूच्या मेजापुढची जमीन दिसेनाशी झाली. माझ्या पुढच्या बाकावरील आजींनी आपल्या डब्याचे झाकण जरासे उचलले, तेव्हा आत बाजरीत रुतवलेली सहा गावरान अंडी दिसली. बाजरी अंडी फुटू नयेत म्हणून घातली आहे की तीही अर्पणातलीच, असे मी विचारले. “दोन्ही देवाचंच,” त्या म्हणाल्या, “पण डबा माझा आहे, तो परत पायजे.”

मालाच्या दर्जाबद्दल बोलायचे तर मेथी त्याच सकाळी उपटलेली होती, भोपळ्यांचे देठ ओले होते आणि शेंगदाण्याचे लाडू उत्तम होते. केक मात्र कोरडा निघाला. महिला मंडळाच्या मटण-भाकरीला १२० रुपये पडले. रस्सा पातळ असला तरी झणझणीत होता.

भावाविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण बाजारभाव डोक्यात ठेवून आलेला माणूस येथे हमखास गोंधळतो. एक लिंबू वीस रुपयांपासून चढत साडेतीनशेला गेले, घेणाऱ्याने ते लगेच पुन्हा अर्पण केले, आणि अशा रीतीने तेच लिंबू तीनदा विकले गेले. त्यानंतर शेवग्याच्या शेंगांची जुडी निघाली. मागे उभ्या असलेल्या एका मजुराने दहा रुपये म्हटले. एरवी बोलीवर बोली चढवणारा मंडप एकदम गप्प झाला, पुकारणाऱ्या तरुणाने एक वार, दोन वार, तीन वार एका दमात म्हणून टाकले आणि जुडी त्या माणसाच्या हातात दिली. लिंबासाठी हजारभर रुपये ओतणे आणि शेंगांसाठी तोंड मिटून बसणे, हे दोन्ही त्या माणसांना सारखेच सहज जमले. माझ्या मते या सेवेचा खरा दर्जा त्या गप्प बसण्यातच दिसला.

म्हणूनच त्यानंतरचा प्रकार अधिक खटकला. लिलाव संपल्यावर प्रत्येक मोठ्या खरेदीदाराचे नाव व रक्कम ध्वनिक्षेपकावरून वाचण्यात आली आणि तीही मोठ्या रकमेकडून लहान रकमेकडे अशा क्रमाने. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, ही मत्तयाच्या शुभवर्तमानातील शिकवण तोंडपाठ असणाऱ्या मंडळीत कर्णा वाजवून दान जाहीर करण्याची हौस कशाला हवी? दशांशाचे, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचे, पाकीट निमूटपणे थैलीत पडते, मग लिंबाचेच एवढे कौतुक का? जाहीरच करायचे असेल तर गेल्या वर्षीची जमा आणि तिचा विनियोग फलकावर लावावा. तसा फलक मला कोठे दिसला नाही.

जाणाऱ्यांनी रोख रक्कम व सुटे पैसे बरोबर ठेवावेत, कारण क्यूआर कोड चिकटवलेला होता, पण त्या आवारात रेंज नव्हती. उपासना नऊला सुरू होते आणि लिलाव उरकायला तीन वाजतात. मंडपाबाहेर सावली नाही. पिशवीही न विसरता न्यावी. ती अंडी बाजरीसह मला २४० रुपयांना मिळाली खरी, परंतु पैसे देऊन वळतो तोच आजी डब्यासाठी हात पुढे करून उभ्या होत्या. बाजरी रुमालात बांधून आणि अंडी टोपीत सांभाळत मी एसटीत चढलो. नगरच्या स्थानकावर उतरलो तेव्हा पाच अंडी शाबूत होती.