फ्लूची लस : बडोद्याच्या घरासाठी मेमधली की ऑक्टोबरमधली?

दांडिया बाजार असो की रावपुरा, मराठी घरात फ्लूच्या लशीचा विषय दोन बाजूंनी येतो. ऑक्टोबरात न्यू जर्सीहून मुलीचा फोन येतो, "बाबा, फ्लू शॉट घेतलात का?" आणि इकडे मे महिन्यात नातवाला लस टोचता टोचता डॉक्टर म्हणतात, "पावसाळ्याआधी आजोबांनाही देऊन टाकू या." दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण लस घ्यायची वर्षातून एकदा, आणि तीही स्वतःच्या खर्चाने. सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात ती नाही, त्यामुळे माणशी साधारण दीड-दोन हजार धरून चाला. घरात सहा माणसं असली की आकडा लगेच जाणवतो.

दवाखान्यात लोक पहिला प्रश्न विचारतात तो "कुठल्या कंपनीची चांगली?" हा. माझ्या मते या प्रश्नावर सगळ्यांत कमी वेळ घालवावा. फरक पडतो तो कोणत्या महिन्यात घेता यानं आणि खोक्यावर कोणत्या हंगामाचं नाव छापलंय यानं.

मे की ऑक्टोबर

फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना लशीत कोणते विषाणू घालायचे हे वर्षातून दोनदा ठरवते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. ठरल्यापासून लस बाजारात यायला सहाएक महिने जातात. म्हणजे फेब्रुवारीत ठरलेली लस अमेरिका-युरोपच्या हिवाळ्याआधी तयार होते, आणि सप्टेंबरात ठरलेली ऑस्ट्रेलियाच्या हिवाळ्याआधी, म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात.

नकाशावर भारत उत्तर गोलार्धात आहे, पण आपला फ्लू नकाशा पाहून येत नाही. देशातल्या वेगवेगळ्या शहरांतल्या प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं घशाचे नमुने तपासले, तेव्हा दिसलं की बहुतेक ठिकाणी फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. श्रीनगर हिवाळ्यातलं, चेन्नईकडचा भाग ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसातला, आणि दिल्लीत दोन्ही हंगाम. त्यावरून संशोधकांनी सुचवलं ते असं : बहुतेक भारतानं लस एप्रिल-मेमध्ये घ्यावी आणि दक्षिण गोलार्धाची घ्यावी. बडोद्यातल्या माणसाला "दक्षिण गोलार्ध" छापलेलं खोकं दिलं की तो कंपाउंडरकडे संशयानं बघतो. बघू नका, तेच बरोबर आहे.

कागदावरचं हे गणित गुजरातेत प्रत्यक्ष घडलेलं आहे. २०१७ च्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या आसपास, गुजरातेत स्वाइन फ्लूची मोठी लाट आली. त्या वर्षी देशात फिरत होता तो एच१एन१चा, म्हणजे स्वाइन फ्लूच्या विषाणूचा, 'मिशिगन' नावाचा प्रकार. २०१७ च्या दक्षिण गोलार्धाच्या लशीत मिशिगन होता. पण त्याआधीच्या, २०१६-१७ च्या उत्तर गोलार्धाच्या लशीत अजून २००९ पासून चालत आलेला 'कॅलिफोर्निया' होता. म्हणजे त्या जूनमध्ये ज्याला फ्रिजमध्ये उरलेलं जुन्या हंगामाचं खोकं टोचलं, त्याला बदललेल्या विषाणूसाठी न बदललेली लस मिळाली. कंपनी एकच असेल, किंमतही एकच असेल. दरवर्षी असं होत नाही, कित्येक वर्षी दोन्ही लशींत एखाद्याच विषाणूचा फरक असतो, कधी तोही नसतो. पण होतं तेव्हा हे असं होतं.

आता दुसरी बाजू, कारण तीही गुजरातेतलीच आहे. २०१५ ची लाट पावसाळ्यातली नव्हती. जानेवारी ते मार्च या महिन्यांत ती आली आणि देशात सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांत राजस्थान आणि गुजरात होती. लशीचं बळ काही महिन्यांनी ओसरू लागतं, म्हातारपणी जरा लवकरच. मेमध्ये घेतलेली लस फेब्रुवारीपर्यंत नऊ महिन्यांची जुनी होते. ऑक्टोबरवाल्यांचा हा मुद्दा खोटा नाही.

तरी एकच तारीख निवडायची तर मी मे निवडेन. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवा, बंद खिडक्या आणि शाळा सुरू होणं एकदम येतं. पाठोपाठ गणपती, मंडपातली गर्दी, मग नवरात्रात गरब्याच्या मैदानांवर हजारो माणसं रात्रभर एकमेकांच्या श्वासात. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे गणपतीच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून फार उपयोग नाही.

ऑक्टोबर कोणासाठी? ज्यांचा मे हुकला त्यांच्यासाठी, अर्थात. "आता काय, पुढच्या वर्षी बघू" म्हणण्यापेक्षा तेव्हा मिळणारी ताजी लस घेतलेली बरी. आणि जे आजी-आजोबा दरवर्षी नोव्हेंबरात मुलांकडे अमेरिकेला जाऊन मार्चात परततात, त्यांनी न्यू जर्सीच्या मुलीचंच ऐकावं. त्यांचा फ्लूचा हंगाम तिकडचा आहे.

सुई की नाकातला फवारा

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न हमखास निघतो, कारण सुई म्हटली की घर डोक्यावर घेतलं जातं. नाकात मारायची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, टोचायची लस मारलेल्या विषाणूच्या तुकड्यांची. इथे परदेशी आकड्यांवर विसंबायची गरज नाही. दिल्लीच्या एम्सनं हरियाणातल्या बल्लभगढच्या गावांत २ ते १० वर्षांच्या ३,०४१ मुलांवर दोन्ही लशी समोरासमोर तपासल्या. पहिल्या वर्षी टोचायच्या लशीनं प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू सुमारे ७२ टक्क्यांनी कमी केला, नाकातल्या लशीनं ४० टक्क्यांनी. दुसऱ्या वर्षी दोघी जवळजवळ सारख्या, पन्नासच्या आसपास.

मी याचा अर्थ असा लावते : मूल सुई सहन करत असेल तर सुईच. अगदीच हाताबाहेर जाणारं असेल, तर काही न देण्यापेक्षा फवारा कितीतरी चांगला. मात्र दोन वर्षांखालचं बाळ, गरोदर बाई, दमेकरी, प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण आणि पन्नाशीपुढची माणसं यांना जिवंत विषाणूची लस नको.

मुलांसाठी आणखी एक गोष्ट, जी घाईत राहून जाते. सहा महिन्यांपासून नऊ वर्षांखालच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा फ्लूची लस देत असाल, तर चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. पहिला मेअखेरीस दिला तर दुसरा पावसात भिजतच द्यायला जावं लागतं. एप्रिलच्या परीक्षा संपल्या की लगेच सुरुवात करा.

तीन की चार

काही वर्षांपूर्वीपर्यंत चार विषाणूंची लस ही तीनवालीपेक्षा सरस समजली जायची आणि तिचे जास्त पैसे द्यायला लोक तयार असत. चौथा होता बी गटातला यामागाता. मार्च २०२० नंतर तो जगात कुठेही खात्रीनं सापडलेला नाही. कोविडच्या काळात माणसं एकमेकांपासून लांब राहिली, त्यात तो नाहीसा झाला असं दिसतं. २०२३ च्या सप्टेंबरपासून जागतिक आरोग्य संघटना त्याला लशीत ठेवायची गरज नाही असं सांगते आणि अमेरिकेनं २०२४-२५ पासून पुन्हा तीनचीच लस वापरायला घेतली. चारवाली मिळाली तर तिनं नुकसान काही नाही. पण "चार आहे म्हणून दोनशे जास्त" असं कोणी म्हणालं, तर ते दोनशे पापडीच्या लोटावर खर्च करा.

आजोबांसाठी फ्लूची की न्यूमोनियाची

मधुमेह, रक्तदाब, मागे एकदा अँजिओप्लास्टी झालेली : असे आजोबा बडोद्यात दर दुसऱ्या घरात आहेत. त्यांना डॉक्टर दोन्ही लशी सुचवतात आणि मग घरात चर्चा होते की सध्या एकच घेऊ. न्यूमोनियाची लस, म्हणजे न्यूमोकोकस या जंतूविरुद्धची, दरवर्षीची नाही आणि ती हंगाम बघत नाही. ती दिवाळीनंतर घेतली तरी चालते. फ्लूची मात्र पावसाळ्याआधीच. म्हणून पैसे एकदम काढायचे नसतील तर क्रम असा : मेमध्ये फ्लू, हिवाळ्यात न्यूमोनिया. एकदम घ्यायच्या असतील तर एकाच दिवशी दोन दंडांत घेता येतात.

हृदयविकार असेल तर फ्लूच्या लशीचं पारडं आणखी जड होतं. नुकताच हार्ट अटॅक आलेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात युरोपातल्या देशांसोबत बांगलादेशही होता. रुग्णालयात असतानाच ज्यांना फ्लूची लस दिली, त्यांच्यात वर्षभरात २.९ टक्के दगावले. ज्यांना लशीच्या नावाखाली नुसतं मिठाचं पाणी टोचलं, त्यांच्यात ४.९ टक्के. फ्लू आला की अंगातला दाह वाढतो, रक्त गोठण्याकडे झुकतं आणि आधीच अरुंद झालेल्या वाहिनीला ते झेपत नाही.

लस घेऊनही आजोबांना सर्दी झाली तर "बघा, उपयोग झाला नाही" हे वाक्य येणारच. सर्दी आणणारे विषाणू दुसरे आणि ढीगभर आहेत. फ्लूची लस त्यांच्यासाठी नसतेच. शिवाय फ्लूविरुद्धही ती पूर्ण कवच नाही. लशीतले आणि बाहेर फिरणारे विषाणू जुळले, तर आजारी पडून डॉक्टरकडे जायची पाळी ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. म्हणून लस घेतलेल्या म्हाताऱ्या माणसालाही जोराचा ताप, धाप, गुंगी असं काही झालं तर घरी काढा उकळत बसू नये. ओसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर त्याचा सर्वाधिक फायदा होतो.

सुनेला दिवस गेले असतील तर

इथे तुलना करायला फारसं काही नाही. टोचायची लस, गरोदरपणाच्या कुठल्याही महिन्यात. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्याला मिळतं ते आईकडूनच. नेपाळमध्ये गरोदर बायकांना लस दिली, तेव्हा त्यांच्या बाळांतला फ्लू सुमारे ३० टक्क्यांनी घटला. डोहाळजेवणाआधी उरकून टाका. सासूबाईंना शंका असेल तर डॉक्टरांकडे त्यांनाही सोबत न्या, त्यांचीही लस त्याच फेरीत होईल.

दवाखान्यात की मेडिकलमधून आणून

लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि ती गोठूनही चालत नाही. बडोद्यात मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. मेडिकलमधून लस घेऊन स्कूटरच्या डिकीत टाकायची, वाटेत खंडेराव मार्केटला भाजी घ्यायची आणि मग दवाखान्यात पोचायचं, हे करू नका. शंभर रुपये वाचतील आणि लस वाया जाईल. ज्या दवाखान्यात बालकांचं रोजचं लसीकरण चालतं तिथे मोठ्यांनीही टोचून घ्यावं. तिथे लशीसाठी वेगळा फ्रिज आणि तापमानाची नोंद असण्याची शक्यता जास्त. टोचण्याआधी खोकं हातात मागून घ्या, हंगाम आणि एक्सपायरी वाचा. यात डॉक्टरांचा अपमान होत नाही.

शेवटी बडोद्यात निघणारच असा प्रश्न, विशेषतः कांदा-लसूणही न खाणाऱ्या घरांत : यात अंडं असतं का? फ्लूच्या बहुतेक लशींसाठी विषाणू कोंबडीच्या फलित अंड्यात वाढवतात, नंतर शुद्ध करतात, आणि अंड्यातल्या प्रथिनाचा अगदी सूक्ष्म अंश उरू शकतो. लपवण्यात अर्थ नाही. घरातल्या मोठ्यांना आधीच सांगावं आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी अमेरिकेत पूर्वी वेगळी काळजी सांगत, आता तशी अट तिथेही उरलेली नाही. आपल्याकडे डॉक्टरांना तेवढं आधी सांगून ठेवायचं. याआधी फ्लूच्याच लशीनं कोणाला गंभीर ॲलर्जी आली असेल तर मात्र पुन्हा घ्यायची नाही, आणि अंगात जोराचा ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबायचं.