फजिती, आवाज की भाषेचा घोळ? किशोरांच्या कथेत विनोद कुठे ठेवावा

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी कथा लिहायची, ती बेळगाव-खानापूर-निपाणीच्या पट्ट्यात घडवायची आणि ती हसवणारी हवी, एवढं ठरलं की खरा प्रश्न पुढे येतो: हसू येणार कुठून? वाटा तीन. प्रसंगातली फजिती, सांगणाऱ्या मुलाचा आवाज, आणि या भागात हाताशीच असलेला भाषेचा घोळ. तिन्ही एकाच प्रसंगावर घासून पाहू. खानापूरहून बेळगावला येणारी सकाळची बस, उभं राहायला जागा नाही, कंडक्टर समोर, आणि नववीतल्या मुलाच्या दप्तरात पास सापडत नाही.

फजितीच्या वाटेने गेलात तर दप्तर उपसताना डबा उघडतो आणि लोणच्याचं तेल शेजारच्या पांढऱ्या धोतरावर जातं. नवखा लेखक इथूनच सुरुवात करतो आणि म्हणून हसू येत नाही. डबा आपोआप उघडला तर तो अपघात. पण आईने झाकण सैल म्हणून डब्याला रबर लावलं होतं, आणि बस यायच्या आधी स्टँडवर याने तेच रबर काढून मित्राला कागदाच्या गोळ्या मारल्या होत्या, हे वाचकाने आधी पाहिलेलं असेल, तर दप्तराची चेन सरकली की तो हसायला तयार बसतो. वस्तू आधी दोनदा दिसावी, तिसऱ्यांदा फुटावी. फुटल्यावर दीड पानाच्या आत आवरतं घ्यावं. धोतर, मग टोपली, मग कोंबडी अशी रांग लावली की नववीतल्या मुलाला ते लहान भावाचं पुस्तक वाटू लागतं. वर्गात चाळीस मिनिटांच्या तासाला मोठ्याने वाचायची कथा असेल तर मात्र हीच वाट घ्या. सगळा वर्ग एकाच ठिकाणी हसतो, ते इतर दोन प्रकारांत क्वचितच होतं.

आवाजाच्या वाटेने तोच प्रसंग असा होतो: ‘पास हरवला नव्हता. पास गणिताच्या वहीत होता आणि वही घरी होती. यात माझा दोष नाही हे कंडक्टरला पटवण्याइतकं कानडी मला येत नव्हतं, आणि मराठीत विचार केला तर दोष माझाच निघत होता.’ काही सांडलं नाही, कोणी पडलं नाही. हसू येतं ते मुलाच्या वकिलीचं. या वयात स्वतःची बाजू मांडण्याचा उद्योग दिवसभर चालू असतो, म्हणून वाचकाला ती वकिली घरची वाटते.

अवघड वाट हीच. बिघाड बहुधा एकाच जागी होतो: मुलाच्या तोंडून लेखक बोलू लागतो. ‘त्या निरागस दिवसांत’ असं काही आलं की समजावं, चाळिशीतला माणूस मुलाच्या खांद्यावरून डोकावून त्यालाच हसतोय. तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाला हे लगेच कळतं आणि ते त्याला अपमानाचं वाटतं. वाचक सांगणाऱ्या मुलाच्या अर्धं पाऊल पुढे असावा, दहा पावलं नाही. तपासायचं असेल तर प्रत्येक विनोदी वाक्याला विचारा, हे तो मित्राला म्हणाला असता का? आणखी एक सापळा खास आपल्या मुलखाचा. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला, स्वतःच गोष्ट सांगणारा मुलगा लंपन इथलाच. त्याच्या कथांचं ‘वनवास’ 1994 मध्ये आलं आणि तेव्हापासून इथला प्रत्येक सांगणारा मुलगा थोडा लंपनसारखा बोलू पाहतो. तो लय उचलतो, नजर उचलता येत नाही. आजच्या नववीतल्या पोराच्या खिशात मोबाइल आहे, त्याची वकिली वेगळी असणार.

भाषेचा घोळ सगळ्यांत मोहाचा, आणि सगळ्यांत जास्त बिघडणारा. कानडीत ‘हल्ली’ म्हणजे पाल, ‘हळ्ळी’ म्हणजे खेडं, आणि आपलं ‘हल्ली’ तिसरंच. माल भरपूर आहे. पण इथल्या मुलाला कानडीतलं ‘बा’ म्हणजे ‘ये’ हे कळलं नाही, असं लिहिलंत की कथा खोटी पडली. तो गल्लीत खेळतानाच ते शिकलेला असतो. कंडक्टरला ‘पास एल्लिदे?’ असं बंगळुरी कानडी बोलायला लावलं तरी तेच. इथे ‘पास यल्ली ऐती?’ असंच ऐकू येतं.

कानडीभाषक माणसाच्या तोंडी ‘गाडी आला’ घालून हसवणं ‘गणगोत’मधल्या रावसाहेबांपासून सगळ्यांच्या कानात बसलंय. तिथे त्यामागे पु. लं.ची माया होती. नुसती नक्कल केली की ती टवाळी होते. शिवाय ती चूक अडाणीपणाची नाही. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, आणि मराठीत गाडी बाई, ट्रक बाप्या, गोंधळ होणारच. वर्गातला अर्धा बाक घरी कानडी बोलत असेल, तेव्हा हसू कोणाच्या खर्चाने हे आधी पाहा.

ही वाट घ्यायचीच तर मुलाला दुभाषा करा. सोबत पुण्याचा मामा आहे. कंडक्टर अर्धा मिनिट तावातावाने बोलतो. मामा विचारतो, ‘काय म्हणाले रे?’ मुलगा म्हणतो, ‘पुढं सरका म्हणाले की ओ.’ इथे भाषा येणाराच सत्ताधीश, मोठा माणूस अडकलेला, आणि खोटं कधी उघडं पडतं याची धाकधूक फुकट मिळते. कानडी वाक्यं पानाला तीन-चारच ठेवा. अर्थ हातवाऱ्यांतून कळावा. तळटीप दिली की विनोद मेला.

एकट्याने वाचायच्या लांब कथेला आमची पसंती आवाजाला. त्यात फजिती एकच, आणि घोळ चवीपुरता. शाळेत चालणारे ताजे शब्द फार पेरू नका, छापून येईपर्यंत ते शिळे होतात. जाड्या, तोतरा, काळा ही टोपणनावं तर वगळाच, वर्गात ज्याला ती लागू पडतात तो मान खाली घालून बसतो. कथेत दुःखाचा प्रसंग असेल तर विनोद त्याच्या आधी ठेवा. आजोबा गेल्याच्या बातमीनंतर लगेच आलेली कोटी म्हणजे लेखक घाबरून पळाला. मुलगा स्वतः बोलायचं टाळायला विनोद करत असेल तर गोष्ट वेगळी, पण मग त्याच्या मित्राने त्या वेळी हसू नये.

कच्चा खर्डा नववीतल्या दोन मुलांना द्या, एक खानापूर भागातला, एक बाहेरून आलेला, आणि लांबून पाहा. पान उलटून मागची ओळ शेजाऱ्याला दाखवली तर ती ओळ ठेवा. नुसतं ‘भारी आहे सर’ म्हणून कागद परत आले, तर त्या पानावर पुन्हा बसा.