सेंट ब्रिजिडचा क्रूस: विणकाम उत्तम, माहितीपत्रक निरुपयोगी
गेल्या फेब्रुवारीत आयर्लंडमधील किल्डेअरच्या एका हस्तकलेच्या दुकानातून १८ युरोंना घेतलेला, वीतभर आकाराचा, सेंट ब्रिजिड या आयरिश संत स्त्रीच्या नावाचा क्रूस वर्षभर आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर आहे. तुकोबांमुळे आपल्याला निदान नावाने परिचित असलेल्या लव्हाळ्यासारख्या, पाणथळ जागी उगवणाऱ्या गवताचा हा क्रूस विणतात. त्याची एकेक काडी मधोमध दुमडून आधीच्या काडीवर चढवत आणि दर वेळी पाव वळसा देत गेले की मध्ये चौकोन व चार दिशांना चार भुजा तयार होतात. आमच्या क्रुसाचे विणकाम खरोखर नेटके आहे. काड्या वाळून आकसल्या, हिरव्याच्या पिवळसर तपकिरी झाल्या, तरी मधला चौकोन सैल पडलेला नाही.

तक्रार आहे ती बांधणीची आणि वेष्टनाची. भुजांची टोके सुतळीऐवजी रबरांनी बांधलेली होती आणि ती रबरे सहा महिन्यांत तुटली. शिवाय काड्या ओलसर असतानाच क्रूस प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केल्यामुळे एका भुजेवर बुरशीचे काळे ठिपके पडले होते, जे पुसूनही गेले नाहीत.

त्याहून खटकते ते सोबतचे माहितीपत्रक. ‘घरात सुख, संपत्ती व नशीब आणतो’ असे मोघम लिहून त्याने हा क्रूस घोड्याच्या नालेच्या आणि क्लोव्हर या रोपट्याच्या शुभ मानल्या जाणाऱ्या चार पानी डहाळीच्या रांगेत बसवला आहे. वास्तविक लोकसमजुतीत या क्रुसाचे काम नेमके आहे: घराला आगीपासून, उपासमारीपासून आणि आजारापासून राखणे. गवताने शाकारलेले छप्पर आणि त्याखाली उघडी चूल, अशा घरात आगीची धास्ती किती असेल, हे आपल्याकडे कुडाच्या घरात राहिलेल्यांना सांगायला नको. (याच गवताचा आतला पांढरा गर चरबीत बुडवून पूर्वी दिव्यासारखा जाळत, हा योगायोग मला फार आवडतो.) गुरांच्या रक्षणासाठी गोठ्यातही क्रूस लावत असत.

दुसरे म्हणजे, ही कायमची वस्तू नव्हे. १ फेब्रुवारी हा ब्रिजिडचा दिवस. त्याच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी क्रूस विणत; त्यासाठी गवत कापायचे नाही, उपटायचे, असा दंडक होता. दर वर्षी नवा क्रूस येई आणि कित्येक घरांत जुने आढ्याला तसेच खोचलेले राहत. त्याच रात्री ‘ब्रात ब्रीदे’ म्हणून कापडाचा तुकडा बाहेर ठेवत आणि पुढे वर्षभर डोकेदुखीवर तो कपाळाला बांधत. यातला एक शब्दही पत्रकात नाही. आयर्लंडची राष्ट्रीय दूरचित्रवाणी १९६१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिने हेच चिन्ह घेतले आणि २०२३ पासून तिथे या सणाची सार्वजनिक सुट्टीही मिळते, तेव्हा माहिती दुर्मीळ होती असेही नाही.

मी रबरांच्या जागी सुती दोरा बांधला आहे आणि क्रूस आता पक्का आहे. कारागिरीसाठी १८ युरो जास्त वाटत नाहीत. मात्र घ्यायचाच असेल तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, पिशवीत बंद नसलेला, टोके चाचपून पाहता येतील असाच घ्यावा.